लाकडी पेटी करताना माणूस सावरतो कसा?

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्य तिथे तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



ही पेटी पहिल्या रांगेपासून मागेपर्यंत फिरू द्या. झाकण उघडून बघा, आतला वास घ्या. हाताळून खराब होईल अशी भीती बाळगू नका, पेटी हाताळण्यासाठीच असते. लांबी २० सेंटिमीटर, रुंदी १३, उंची ८. पाच झाडांचं लाकूड आहे तिच्यात. बाजू सागाच्या. झाकण बिजाचं, म्हणून तांबूस. झाकणाच्या मधोमध जी पिवळी पट्टी दिसते ती हळदूची. तिच्या दोन्ही अंगांना काळ्या रेघा आहेत त्या तेंदूच्या. आणि ही छोटी मूठ शिसमाची. यात रंग म्हणून काहीही लावलेलं नाही. जे दिसतं ते झाडाचं स्वतःचं आहे.

आता आधीच सांगून टाकतो. मी सुतार नाही आणि डॉक्टरही नाही. मी वनखात्यातला सेवानिवृत्त कर्मचारी. तेहतीस वर्षं चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात आणि लाकूड आगारांत गेली. काम काय, तर मोजणी. नगाचा घेर घ्यायचा, लांबी घ्यायची, घेराला चारने भागायचं, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. झालं घनमीटर. या सूत्रात गंमत अशी की ओंडक्याचं जे खरं आकारमान असतं, त्याच्या साधारण साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच कागदावर येतं. उरलेलं कापणीत वाया जाणार असं गृहीत धरलेलं असतं. म्हणजे आयुष्यभर मी लाकूड मोजलं, पण एक फळी कधी रंधली नाही. आलापल्लीचा साग देशभर नावाजलेला. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी आपल्याच जिल्ह्यांतलं सागवान बल्लारपूरहून गेलं, ते तुम्ही वाचलं असेल. अशा लाकडाच्या थप्प्यांमध्ये मी उभा राहिलो आणि माझ्यासाठी तो फक्त आकडा होता.

मी या कामाकडे कसा आलो

२०१९ ला निवृत्त झालो. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, माझी पत्नी गेली. त्या दिवसांबद्दल मी इथे जास्त बोलणार नाही. तुमच्यापैकी पुष्कळ घरांनी ते पाहिलं आहे.

त्यानंतर काय झालं, ते मात्र सांगायला हवं, कारण पुष्कळांना तो आजार वाटतच नाही. मी रडत नव्हतो. मी काहीच करत नव्हतो. सकाळी उठून खुर्चीत बसायचो. पेपर समोर असायचा, पण पहिलं पान उलटायचं नाही. दाढी राहून जायची. फोन वाजला तर उचलायचो नाही. लोक म्हणायचे, "दुःख आहे, जाईल हळूहळू." एक वर्ष गेलं, दुःख काही गेलं नाही, वजन मात्र अकरा किलो गेलं. तिचा चष्मा आणि दुधाच्या हिशोबाची वही टीव्हीवर होती. तिथेच राहिली. धूळ पुसायलाही मी त्या उचलल्या नाहीत.

नागपूरहून मुलगी आली आणि म्हणाली, "बाबा, आता माझ्यासोबत चला." मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं. नैराश्याचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी झोप आली, भूक आली. याबद्दल गैरसमज नको. आज मी जे बोलतोय ते गोळ्यांच्या विरोधात नाही. पण खुर्ची सुटली नव्हती. तेव्हा डॉक्टरांनी मला व्यवसायोपचार करणाऱ्या एका मॅडमकडे पाठवलं. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी विचारलं, "काका, तुम्हाला कशातलं कळतं?" मी म्हटलं, "लाकडातलं." मग त्या म्हणाल्या, "मग एक पेटी करून दाखवा मला."

मला राग आला. म्हटलं, बायको गेली माणसाची, आणि ही पोरगी मला खेळ करायला सांगते.

आधी काम, मग मन

आता हे समजून घेऊ की त्या मॅडमनी असं का सांगितलं असेल.

आपली समजूत अशी असते की आधी मनाला बरं वाटेल, मग माणूस कामाला लागेल. नैराश्यात हे गणित उलटं पडतं. बरं वाटत नाही म्हणून माणूस काही करत नाही. काही करत नाही म्हणून दिवसात चांगलं असं काही घडत नाही. काही घडत नाही म्हणून आणखी वाईट वाटतं. रहाटगाडग्यासारखं ते फिरत राहतं. ते कुठेतरी थांबवायचं तर मनाला धरता येत नाही, पण हाताला धरता येतं. म्हणून इच्छा होण्याची वाट न बघता ठरलेल्या वेळी ठरलेलं छोटं काम करायचं. मन मागून येतं. येतंच असं नाही, पण पुष्कळदा येतं.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. आपल्या शेजारी गोव्यात याचा नीट अभ्यास झाला आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेले, तीव्र नैराश्य असलेले ४९५ लोक त्यात होते. निम्म्या लोकांना नेहमीची सेवा आणि निम्म्यांना त्याच्या जोडीला सहा ते आठ भेटी. भेटी घेणारे कोण? मानसशास्त्राची पदवी नसलेले, प्रशिक्षण दिलेले गावातलेच समुपदेशक. आणि भेटीत मुख्य काय, तर माणसाला पुन्हा एकेका कामाकडे वळवणं. तीन महिन्यांनी नेहमीच्या सेवेतले ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, तर भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के. २०१७ साली हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात सुतारकाम नव्हतं, हे मी स्पष्ट सांगतो. कुणी बागेत गेलं, कुणी शेजारणीकडे जाऊ लागली. तत्त्व मात्र तेच.

हाताच्या कामातून उपचार ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत १९१७ साली व्यवसायोपचाराची पहिली संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी जॉर्ज बार्टन हा वास्तुकार स्वतः क्षय आणि अर्धांगवायूने आजारी होता. हाताच्या कामातून त्याने स्वतःला सावरलं होतं. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आपल्याकडे ती आणली कमला निंबकरांनी. जन्माने अमेरिकन, लग्न करून निंबकर झालेल्या. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचं भारतातलं पहिलं विद्यालय सुरू केलं.

पण आपल्या जिल्ह्याला हे मुंबईहून शिकायची गरजच नव्हती. वरोरा इथून किती दूर आहे? बाबा आमटे १९५१ साली तिथल्या खडकाळ जमिनीवर गेले. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, ही गोष्ट तुम्हाला तोंडपाठ आहे. बाबांचं म्हणणं असं होतं की दानाने माणूस पंगू होतो आणि कामाने उभा राहतो. म्हणून आनंदवनात कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांच्या हातात शेती आली, हातमाग आला, सुतारकाम आलं. बोटं झडलेल्या हातांनी केलेल्या वस्तू लोक विकत घेऊ लागले. दया म्हणून नाही, वस्तू चांगली म्हणून. यात उपचार कुठला आणि रोजगार कुठला, ते वेगळं करता येत नाही.

पेटीच का? आणि हेच लाकूड का?

खुर्ची नाही, पाट नाही, पेटीच का, असं मी मॅडमना विचारलं होतं. त्यांचं उत्तर असं. एक, पेटी लहान असते. स्वयंपाकघराच्या ओट्यावरही होते. दोन, तिचं काम दहा-बारा बैठकांत संपतं. आजारी माणसाला न संपणारं काम देऊ नये. तीन, तिच्यात पायऱ्या पडतात. आज फक्त एक फळी रंधायची, उद्या फक्त खूण करायची. प्रत्येक पायरीला "जमलं" किंवा "नाही जमलं" हे लगेच डोळ्यांना दिसतं, कुणी सांगावं लागत नाही. आणि चार, पेटीत काहीतरी ठेवता येतं. हे चौथं कारण मला तेव्हा कळलं नाही.

आता लाकडाकडे येऊ. परदेशात हौशी सुतारांची मोठी दुनिया आहे. तिथे शोभेच्या पेट्या करतात त्या 'एक्झॉटिक' लाकडाच्या, म्हणजे दूरदेशीच्या, दुर्मिळ, महागड्या लाकडाच्या. अशा याद्यांमध्ये पहिल्या ओळींत नावं येतात भारतीय रोझवुड, टीक, एबनी, पडौक. मी ते वाचून हसलो. रोझवुड म्हणजे आपला शिसम. टीक म्हणजे साग. एबनी हे आपल्या तेंदूचं भावंड. ज्या झाडाची पानं बिडीसाठी उन्हाळ्यात तोडतात, त्याच तेंदूचा गाभा काळा निघतो. पडौक हे बिजाचं भावंड. तिकडच्या माणसाला जे सातासमुद्रापलीकडचं वाटतं, ते आपल्याकडे बंडीच्या चाकात आणि जुन्या चौकटीत पडून आहे.

प्रत्येक लाकडाचा स्वभाव सांगतो, कारण शिकणाऱ्याला ते उपयोगी पडतं.

साग तेलकट, फारसा फुगत-आकसत नाही, म्हणून पेटीच्या बाजूंना उत्तम. आणि चुका माफ करतो. बिजा कणखर, तांबूस पिवळा. त्याचा भुसा पाण्यात पडला तर पाण्यावर निळसर झाक येते. मुलांना दाखवा, खूश होतात. हळदू पिवळा आणि बारीक पोताचा, पूर्वी याच्या फण्या करत. तेंदूचा काळा गाभा सगळ्या झाडांत सारखा नसतो. लहान तुकडेच मिळतात, म्हणून त्याची रेघच काढावी. शिसम जड, जांभळट काळा, धार लवकर बोथट करतो. धावडा तर इतका चिवट की बंडीचा आस आणि कुऱ्हाडीचा दांडा त्याचाच. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि मी वनखात्याचा माणूस, तेव्हा हे सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. जंगलातून लाकूड आणायचं नाही. साग, शिसम, बिजा, हळदू ही झाडं स्वतःच्या शेतात असली तरी तोडायला परवानगी लागते आणि वाहतुकीला परवाना. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला गौण वनोपजावर हक्क दिला. त्यात बांबू येतो, तेंदूपान येतं, इमारती लाकूड येत नाही. शिसमाची जात तर संकटात आहे. २०१७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही नियंत्रण आहे. मग लाकूड कुठून? आरागिरणीवर पडलेले तुकडे, पावतीसकट. जुन्या पलंगाची फळी. पडलेल्या घराचा वासा. मोडलेली बंडी. हळदूची ही पट्टी एका जुन्या देव्हाऱ्याची आहे. एका पेटीला लाकूड लागतं ते किती? एका हाताच्या पिशवीत मावेल एवढं.

ज्यांना मोठं लाकूड उभं असलेलं बघायचं असेल, त्यांनी आलापल्लीचं 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' बघावं. ते राखून ठेवलेलं जंगल २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ झालं, महाराष्ट्रातलं पहिलं.

पेटी करायची कशी

आता प्रत्यक्ष कृती. हत्यारं थोडीच: एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या, गुण्या, खतावणी आणि धार लावायला दगड. यंत्र नको. का नको, ते पुढे सांगतो.

पहिल्या बैठकीला फक्त रंधा. करडा, मळलेला तुकडा घ्यायचा आणि रंधायचा. रेषेच्या सुलट दिशेने मारला तर कागदासारखी साल निघते. उलट मारला की ढलप्या उपटतात. माझ्या हातात पहिल्या दिवशी तो देव्हाऱ्याचा तुकडा होता. वर पन्नास वर्षांची तेलाची काजळी. सातव्या-आठव्या हाताला काजळी गेली आणि आतून हळदीसारखा पिवळा रंग आला. मी थांबलो. घड्याळ बघितलं तर चाळीस मिनिटं झाली होती. वर्षभरात पहिल्यांदा मी चाळीस मिनिटं दुसरं काही आठवलं नव्हतं.

इथे मनात काय घडतं? एकच गोष्ट मनात घोळत राहते, हे नैराश्याचं मोठं लक्षण. रंधा मारताना डोळा रेषेवर, कान आवाजावर, दोन्ही हात दाबावर. सुलट मारला तर आवाज वेगळा, उलट मारला तर वेगळा. लक्ष इतकं गुंततं की घोळायला जागा उरत नाही. काम फार सोपं असेल तर मन भटकतं. फार अवघड असेल तर माणूस खचतो. मधलं माप शोधणं हे उपचार करणाऱ्याचं कौशल्य.

दुसरी-तिसरी बैठक खुणांची. चारही बाजू काढायच्या, समोरासमोरच्या दोन दोन अगदी एका लांबीच्या. पेन्सिलीपेक्षा चाकूची खूण चांगली, कारण पटाशी तिच्यात बसते. करवत खुणेच्या बाहेरून चालवायची आणि उरलेलं पटाशीने खुणेपर्यंत आणायचं. कोपऱ्याला साधी खाच पुरते.

मग बाजूंना आतून वर आणि खाली एक एक सरळ खाच. खालच्या खाचेत तळ बसतो, वरच्यात झाकणाची फळी. ही झाकणाची फळी म्हणजे पेटीचा शृंगार. बिजा, तेंदूची रेघ, हळदू, पुन्हा तेंदू, पुन्हा बिजा अशा पट्ट्या उभ्या कडांना चिकटवून ती करायची. सगळ्यांच्या रेषा एकाच दिशेला. शिसम आणि साग तेलकट असतात, म्हणून चिकटवण्याआधी स्पिरिटच्या फडक्याने पुसायचे, नाहीतर फेव्हिकॉल धरत नाही.

जुळवताना आधी कोरडं जुळवून बघा. मग फेव्हिकॉल लावून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट बांधा. कोपरे काटकोनात आहेत का हे कसं बघायचं? दोन्ही कर्ण मोजा. सारखे असले की पेटी सरळ.

आता गंमत ऐका. या टप्प्यावर पेटी सहाही बाजूंनी बंद असते. झाकण वेगळं केलेलंच नसतं. सुकल्यावर चारही बाजूंनी खूण करून करवतीने तिचे दोन भाग करायचे. वरचा झाकण, खालचा डबा. अख्खी पेटी एकातूनच कापल्यामुळे बाजूंच्या रेषा झाकणावर अखंड जुळतात. पण महिनाभर जीव लावून बांधलेली वस्तू स्वतःच्या हाताने कापायची. माझ्याकडे येणारे बहुतेक जण इथे एक आठवडा चालढकल करतात. मी कुणाला घाई करत नाही.

नंतर पितळी बिजागऱ्या, मग पॉलिश पेपर, जाड ते बारीक. शेवटच्या घासणीआधी ओलं फडकं फिरवून वाळू द्या. उभे राहिलेले तंतू मग कायमचे बसतात. वर स्पिरिटमध्ये विरघळलेला चपडा, म्हणजे लाखच, पातळ हात पाच-सहा. किंवा आपलं जवसाचं तेल आणि वर मेण. एक इशारा: तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेटू शकतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात तर नकोच. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

माझी पहिली पेटी

तुमच्या हातात आहे ती माझी दुसरी पेटी. पहिली मी ऑगस्टमध्ये केली. झाकणाची फळी हलू नये म्हणून चारही खाचांत भरपूर फेव्हिकॉल भरला. देखणी झाली होती. मॅडमना दाखवली, मुलीला फोटो पाठवला. मे महिन्यात एका दुपारी खोलीत फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. झाकण या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकलं होतं.

मी पुन्हा खुर्चीत बसलो. दोन दिवस. मग ती पेटी घेऊन आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या सुतारबाबाकडे गेलो. त्यांनी फळीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साहेब, झाड कापलं म्हणून का झालं जी? लाकूड पाणी तं पेतेच न. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते. तुमी त्याले चारी बाजूनं बांधून ठेवलं, मंग ते जाईन कुठं?"

शास्त्र हेच आहे. लाकूड हवेतली वाफ घेतं आणि सोडतं. रेषेच्या लांबीत ते जवळपास बदलत नाही, आडव्या रुंदीत बदलतं. आपल्याकडे ऑगस्टची दमट हवा आणि मेचं पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशाचं कोरडं ऊन. बारा सेंटिमीटर रुंदीची सागाची फळीसुद्धा या दोन ऋतूंत दोन मिलिमीटरपर्यंत कमी-जास्त होऊ शकते. म्हणून झाकणाची फळी खाचेत मोकळी ठेवायची. पावसाळ्यात करत असाल तर जवळपास घट्ट, उन्हाळ्यात करत असाल तर दोन्ही बाजूंना मिलिमीटर-मिलिमीटर जागा सोडून. फेव्हिकॉल फक्त मधल्या एका बिंदूला, दोन्ही आडव्या टोकांना. ते लाकूड तेहतीस वर्षं माझ्यासमोर होतं. घेर लिहिताना सुकलेला नग आणि ओला नग वेगळा, हे मला ठाऊक होतं. तरी हातून करून चुकेपर्यंत कळलं नव्हतं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, पेटी फुटली आणि तुम्ही स्वतःहून घराबाहेर पडून कुणाला तरी विचारायला गेलात. मागच्या वर्षी गेला असतात का?" नसतो गेलो.

कुणासाठी, आणि कुणी जपून

आता दर रविवारी माझ्या पडवीत सहा-सात जण येतात. एक कोळसा खाणीतले निवृत्त कामगार आहेत, लकवा झालेले. त्यांना मी उतरत्या फळीवर घासायचं काम देतो. दोन्ही हात ठोकळ्यावर ठेवून वर-खाली. चांगला हात दुबळ्या हाताला ओढून नेतो, खांदा मोकळा होतो. हे व्यवसायोपचारातलं जुनं साधन आहे आणि त्यांच्या थेरपिस्टला विचारूनच आम्ही ते करतो. एक जण दारू सोडलेले. त्यांची अडचण संध्याकाळी सहा ते आठ. त्या वेळात हात रिकामे नकोत, म्हणून ते रोज तेवढाच वेळ येतात. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. धोरणावर वाद घालायला इथे मोठी माणसं आहेत. मी एवढंच बघतो की ती दोन तास कशी जातात.

ज्यांच्या हाताला संवेदना कमी आहे, कुष्ठरोगामुळे किंवा मधुमेहामुळे, त्यांनी विशेष जपायला हवं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरुग्णांची बोटं पुष्कळदा रोगाने नाही, तर दुखत नाही म्हणून होणाऱ्या जखमांनी जातात. डॉक्टर होण्याआधी ते स्वतः बांधकाम आणि सुतारकाम शिकले होते. म्हणून मुठी जाड करा, सायकलच्या हँडलचं रबर चढवा, दर पंधरा मिनिटांनी हात बघा. कुठे लाल दिसलं की त्या दिवसाचं काम बंद.

झोपेच्या किंवा मनाच्या गोळ्या सुरू असतील तर यंत्राची करवत अजिबात नको. ज्यांच्या मनात जीव संपवण्याचे विचार येतात, त्यांना एकटं हत्यारांसोबत ठेवू नका. आधी डॉक्टर, मग पेटी. आणि सगळ्यांसाठी: तोंडावर मास्क. कठीण लाकडाच्या बारीक भुश्याने वर्षानुवर्षांत नाकाचा कर्करोग होऊ शकतो, हे सिद्ध झालेलं आहे. शिसम आणि सागाच्या भुश्याने काहींच्या अंगावर पुरळ येतं. मोकळ्या हवेत काम करा, भुसा झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा.

प्रश्नोत्तरं

*माझ्या आईला नैराश्य आहे. ती म्हणते सुतारकाम पुरुषांचं. काय करू?*

मग सुतारकाम देऊ नका. ज्या कामाशी माणसाचं जुनं नातं आहे ते द्या. मला लाकूड ठाऊक होतं म्हणून लाकूड. त्यांना गोधडी येत असेल, कुरड्या येत असतील, तर तेच. फक्त ठरलेली वेळ, छोटी पायरी आणि शेवट दिसणारं काम, हे तीन सांभाळा. आमच्याकडे दोन बायका येतात, त्यांच्या पटाशीची धार माझ्यापेक्षा चांगली असते, हेही आईला सांगा.

*डॉक्टर जवळ नसेल तर? आम्ही धानोऱ्याकडचे आहोत.*

अडचण खरी आहे. १४४१६ हा 'टेली-मानस'चा क्रमांक लिहून घ्या. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फोन करणं हीसुद्धा पायरीच आहे.

*पेट्या विकता का?*

नाही. विकायला लागलो की घाई येईल. ज्याला विकायच्या त्याने जरूर विकाव्यात, आनंदवनाने तेच दाखवलं. माझं पेन्शनवर भागतं.

*या पेटीत तुम्ही काय ठेवता?*

आज रिकामी आणली. एरवी तिच्यात चष्मा असतो, आणि दुधाच्या हिशोबाची वही.

*आणि ती फुटलेली?*

आहे ना. तिच्यात खिळे ठेवतो.